सोलापुरात दवाखाना टाकणाऱ्या नव्या बीडीएसवाल्यांसाठी

नीलम नगर, अक्कलकोट रोड किंवा कुंभारीच्या विडी घरकुलाजवळ, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीजवळ, बसायचं ठरवलं असेल तर जरूर बसा, तिथे दातांच्या डॉक्टरची गरज आहे. पहिल्या वर्षी भाडं सुटेल का, ही धास्ती माझ्या अजून अंगात आहे. पण पेशंट येतात.

आता नीट ऐका. एखादी मावशी आयुष्मान कार्ड पुढे करून विचारेल, "यावर होतंय का?" सवयीनं "हो" म्हणू नका. आयुष्मान भारत असो की महात्मा फुले जन आरोग्य योजना, पैसा मिळतो तो योजनेत नोंदलेल्या रुग्णालयालाच, तोही ठरलेल्या पॅकेजपुरता आणि मुख्यतः भरती पेशंटसाठी. पाच लाखांचं संरक्षण खरं आहे, पण दात भरणं, रूट कॅनाल, कवळी त्यात बसत नाही. तुमच्या दवाखान्यात तर या कार्डावर काहीच होत नाही. हे तपासणीआधी सांगा. तोंड उघडून बसलेल्या बाईला खर्च सांगितला की ती "काढूनच टाका" म्हणते, आणि वाचणारा दात जातो.

इथल्या बायका विड्या वळतात, मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. दवाखान्यात गेलेला वेळ म्हणजे न वळलेल्या विड्या. म्हणून जमेल तिथे रूट कॅनाल एका बैठकीत संपवा, पैसे हप्त्यानं घ्या. घरात कुणाच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो का, हेही विचारा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या कुटुंबालाही त्यात उपचार मिळतात. शाळकरी मुलांची दातांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. बाकी सरकारी सिव्हिल हॉस्पिटल आहेच.

ब्रश वाटून फोटो काढणारी शिबिरं मला पटत नाहीत. किडलेले दात मोजून निघून जायचं, मग भरायचे कुणी? शिकायचंच असेल तर इम्प्लांटच्या महागड्या कोर्सआधी एखाद्या सरकारी ओपीडीत बसा. तिथले जुने कर्मचारी कागदपत्रांचं जे शिकवतात, ते आमच्या सरांनीही शिकवलं नव्हतं.

मशेरी लावणाऱ्या बाईच्या गालात पांढरा चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडत नसेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर "पुढच्या महिन्यात बघू" अजिबात नको. बायोप्सीला पाठवा. कर्करोग निघालाच तर शस्त्रक्रियेला हेच कार्ड चालतं. रेशनकार्ड, आधार घेऊन, भरती होण्याआधीच, योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या कामात पेशंटला मदत करणाऱ्या माणसाला) भेटायला सांगा. शक्य असेल तर तुम्हीच फोन लावून द्या.