तांब्या डुलतोय? कोरण्याआधी त्याला नीट बसवा

लग्नसराईत आहेराच्या भांड्यांवर नाव टाकायचं म्हटलं की ताटं, पराती पटकन उरकतात. अडतं ते तांब्यापाशी, समईच्या दांड्यापाशी, काठीच्या मुठीपाशी. व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळून भागत नाही. सपाट जबड्यांत गोल वस्तू दोनच ठिकाणी धरली जाते. तिथे ती चेपते आणि तरीही फिरते. जोर वाढवू नका, तिच्या अंगासारखी बैठक द्या.

आधी मार्करने नाव लिहून घ्या. ते अक्षर वर आणि आडवं येईल अशी वस्तू धरून बघा, खाली कुठे टेकते ते लक्षात घ्या. किमान तीन ठिकाणी टेकली पाहिजे.

पोकळ भांडं असेल तर

जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवा. चाळलेली, कडक उन्हात वाळवलेली बारीक वाळू पाऊण भरा. ठासून भरली तर पिशवी दगडासारखी होते आणि तांब्या वरच राहतो. मधे मुठीने खळगा पाडा आणि तांब्या दाबून, थोडा फिरवत बसवा.

आता तांब्याच्या आतही ओली वाळू दाबून भरा आणि तोंडाला कापडाचा बोळा लावा. हे टाळू नका. पातळ पितळ रिकामं असलं की हत्याराखाली थरथरतं, अक्षराच्या कडा फाटतात, ठोक्याने पोचाही येतो. पेन्सिलीने टिचकी मारून ऐका. खणखण वाजलं तर अजून वाळू दाबा. बद्द आवाज आला की भांडं तयार.

लहान, भरीव वस्तू

पदक, मूठ, मूर्तीचा पाट यांना सोनारांची राळच बरी, म्हणजे गरम असताना मऊ आणि गार झाल्यावर वस्तू घट्ट धरणारं राळेचं मिश्रण. उदगीर-देगलूरच्या पलीकडे बिदरला बिदरीचे कारागीर मेण लावलेल्या बैठकीवर वस्तू चिकटवून नक्षी कोरतात; तत्त्व तेच. राळ आणि विटेची बारीक पूड साधारण सारख्या वजनाने घ्या, वर थोडं गोडं तेल. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर, मोकळ्या हवेत राळ वितळवा, मग पूड थोडी थोडी घाला. पूड पूर्ण कोरडी हवी, नाहीतर राळ फेसाळून उतू जाते. ती पेटही घेते, म्हणून झाकण हाताशी ठेवा. आग लागली तर पाणी मारू नका. झाकण ठेवून गॅस बंद करा.

मिश्रण लाकडी ठोकळ्यावर ओता, थोडं घट्ट होऊ लागलं की वस्तू अर्धी रुतवा आणि पूर्ण गार होऊ द्या.

आपल्याकडे एक गोष्ट सांभाळावीच लागते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही जास्त. राळ नरम पडते, वस्तू नकळत सरकते आणि रेघ वाकडी गेल्यावरच कळतं. उन्हाळ्यात तेल कमी, पूड जास्त घ्या आणि काम सकाळीच उरका. थंडीत उलट करा, नाहीतर राळ तडकून वस्तू सुटते.

मोती, खडे, डिंकाने जोडलेले भाग राळेत घालू नका. कल्हई केलेल्या भांड्याला सरळ ज्योतही दाखवू नका. कल्हईतलं कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं.

एकाच आकाराच्या बऱ्याच वस्तू

वीस-पंचवीस सारखे पेले असतील तर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करा. पेला पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळा, खोक्यातल्या ओल्या प्लास्टरमध्ये निम्म्याहून कमी दाबा. निम्म्याच्या वर गेला तर निघणार नाही. प्लास्टर वाळलं की प्रत्येक पेला त्याच जागी बसतो, नावं एका उंचीवर येतात.

गोट्यासारखी, पण चपट्या बुडाची वस्तू फळीवर ठेवून भोवती लाकडाचे तुकडे स्क्रूने घट्ट बसवा. तुकड्यांची उंची कोरायच्या जागेपेक्षा कमी हवी, म्हणजे हत्यार आपटत नाही.

सुरू करण्याआधी

हत्यार ज्या दिशेने ढकलणार, त्या दिशेने अंगठ्याने जोरात दाबा. केसभर हललं तरी पुन्हा बसवा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा आणि दुसरा हात हत्याराच्या मागे. पुढे धरलेला हात हत्यार निसटलं की हमखास फाटतो. अक्षर वळणावर गेलं की मनगट मुरडू नका, पिशवीसकट वस्तू फिरवा.

राळ काढताना ठोकू नका. वस्तू हलकी गरम करा, अलगद उचला. उरलेला थर गार झाल्यावर, आगीपासून लांब बसून टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसा. भांडं जेवणाखाणाचं असेल तर बारीक पॉलिश पेपरने अक्षरांच्या धारदार कडा घासून घ्या आणि साबणाने धुऊनच द्या.