पार्टसाठी अख्खी सायकल घेताना

नेरुळ, वाशी किंवा घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावा. खांबाला टेकवलेली, टायर बसलेली, सीटवर बोटभर धूळ चढलेली एखादी गिअरवाली सायकल दिसतेच. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, सायकल इथेच राहिली. शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), डेरेलर (चेन एका चाकीवरून दुसरीवर सरकवणारा), क्रँक (पेडल ज्यावर बसतं तो दांडा) सुटे घेत बसण्यापेक्षा अशी सायकल उचलून तिचे पार्ट आपल्या सायकलला चढवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. बळीची सायकलच म्हणा ना तिला.

पण आधी मोजायची ती आपली सायकल. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी (रिम ब्रेकच्या रोड बाइकला साधारण 130 मिमी, क्विक रिलीजवाल्या, म्हणजे खटक्याने चाक सुटणाऱ्या, एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, 135), सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या नळीचा, व्यास (27.2, 30.9 की 31.6), स्टेम जिथे हँडलबार धरतो तिथला व्यास (25.4 की 31.8). फ्रेमवर डिस्क ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) बसवायची जागाच नसेल, तर समोरच्या सायकलचे डिस्क ब्रेक कितीही चकचकीत असोत, आपल्या काय कामाचे?

शिफ्टर आणि मागचा डेरेलर जोडीनेच उचला. शिमानोचा 10 स्पीड रोड शिफ्टर आणि 10 स्पीड एमटीबी डेरेलर यांचा आकडा एक, पण केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं. गिअर धड बसतच नाहीत.

बघायला जाताना खिशात ॲलन की आणि फूटभर स्टीलची पट्टी ठेवा. चेनच्या 24 जोडांची लांबी बरोबर 12 इंच भरायला हवी. 1/16 इंच जास्त भरली तर चेन गेली, 1/8 भरली तर दातेही गेले असं धरून भाव करा. मग मागची दात्यांची चाकी उलटी फिरवा. मधली खाचेची रिंग चाकीबरोबर फिरली तर कॅसेट (हबवर सरकवून बसवलेल्या चाक्या), स्थिर राहिली तर फ्रीव्हील (हबवर आट्यांनी चढवलेला जुना प्रकार). फ्रीव्हीलवाल्या चाकासाठी मी तरी वेगळे पैसे मोजत नाही.

सीटपोस्ट हलवून बघितल्याशिवाय तर पैसे काढूच नका. खाडीची हवा आणि इथला पावसाळा, ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये चिकटून बसतो. सीवूड्सला एकदा मी, “काका, हा जरा वरखाली करून बघू का?” हे विचारायला लाजलो. नंतर दोन रविवार ऑइल, हातोडी आणि शिव्या, शेवटी हॅकसॉ. पोस्ट गेला, हातही सोलला.

क्रँकखाली फ्रेम नंबर असतो, तो बिलाशी ताडून बघा. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून नंबरासकट दोन ओळी लिहून, सही करून घ्या. चोरीच्या सायकलचे पार्ट आपल्या घरात नकोत.

हिशेब करताना फक्त आपण खरोखर लावणार ते पार्ट धरा. “बाकीचं विकून टाकू” हे बायकोला सांगायला ठीक; माझ्या बाल्कनीत तीन हँडलबार अजून पडून आहेत.

खोलताना पाना पेडलच्या आसाला लावून सरळ वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पेडल सुटतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पण असं ओढलं की तो विचारच करावा लागत नाही. बीएसए बॉटम ब्रॅकेटचा (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगचा आट्यांचा प्रकार) चेनकडचा कपही उलट्या आट्यांचा, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. प्रत्येक पार्टचे बोल्ट त्याच्याच छिद्रात परत अडकवून ठेवा, आणि केबल कापण्याआधी मोबाईलवर दोन फोटो.