उन्हाळा सोडून बेटावर जायचंय? आधी वारा कुठून येतोय ते बघा

मे महिन्याची सुट्टी टाळून बेटावर जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘अंदमान की मालदीव?’ इथेच गाडी उलट्या रस्त्याला लागते. आधी तारखा पक्क्या करा, मग त्या तारखांना वारा कुठून येतो ते बघा. बेटाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. एजंट अर्थातच उलट्या क्रमाने विकतो, कारण त्याच्याकडे पॅकेज आधीच तयार असतं आणि त्याच्या लेखी प्रत्येक महिना ‘बेस्ट सीझन’ असतो.

पायरी 1: तारखा

नोकरी आणि शाळा सांभाळणाऱ्या घराला उन्हाळा सोडला तर मोजक्याच संधी मिळतात: गणपतीच्या आगेमागे एखादा जोडून आलेला शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ. शाळेत जाणारी मुलं नसतील तर फेब्रुवारीसुद्धा. यातली एक संधी निवडा आणि मगच पुढे वाचा. ‘हिवाळ्यात कधीतरी’ असं मोघम धरलंत तर पुढचं सगळं चुकत जाईल, कारण ऑक्टोबरअखेर आणि जानेवारी यांच्यात समुद्र पार बदललेला असतो.

पायरी 2: वारा

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारा धड कुठलाच नसतो, आणि त्याच काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात. विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या आपल्या शेजारच्या बेटांचं गणित एवढंच आहे.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी होड्या दर्यात लोटतात, कारण त्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरू लागलेला असतो. पण हा हिशेब कोकणचा. अंदमानात तेव्हा पाऊस सुरूच असतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तर सगळंच उलटं: आपल्याकडे धो धो पाऊस पडत असतो तेव्हा बाली आणि मॉरिशसमध्ये कोरडा मोसम असतो.

त्यामुळे गणपतीच्या आगेमागे जायचं असेल तर नजर दक्षिणेकडे वळवा. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे दिवस. ऑगस्टमध्ये मात्र युरोप-ऑस्ट्रेलियातून आलेली गर्दी असते आणि सानूरहून शेजारच्या नुसा पेनिडा बेटावर जाणारी बोट चांगलीच उसळते. सप्टेंबर जास्त बरा. बालीला मार्चमध्ये जायचा विचार असेल तर जाता जाता एक लक्षात ठेवा: त्यांचं नववर्ष, न्येपी, शक कालगणनेचंच आहे. 2026 मध्ये ते आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी, 19 मार्चला होतं. त्या दिवशी तिथला विमानतळसुद्धा 24 तास बंद असतो आणि हॉटेलबाहेर पडायला मनाई असते.

पायरी 3: बेटाची बाजू

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. बेट चांगलं की वाईट, असं सरसकट कधीच नसतं. वारा ज्या किनाऱ्यावर आदळतो तिथे लाटा आणि लाल झेंडे, आणि पलीकडच्या आडोशाच्या बाजूला समुद्र शांत.

श्रीलंका हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. बेंटोटा, उनवटुना, मिरिस्सा हे दक्षिण-पश्चिमेचे किनारे डिसेंबर ते मार्च छान असतात. पूर्वेकडचं त्रिंकोमाली, निलावेली आणि सर्फिंगवाल्यांचं अरुगम बे साधारण मे ते सप्टेंबर. म्हणजे ऑगस्टमध्ये श्रीलंकेला जाणारा माणूस मूर्ख नसतो. ऑगस्टमध्ये मिरिस्साचं हॉटेल घेणारा फसतो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंना पाऊस. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने श्रीलंकेत शेकडो माणसांचा बळी घेतला, तो याच काळात.

थायलंडचंही तेच. फुकेत, क्राबी, फी फी ही बेटं आणि किनारे आपल्या अंदमानच्याच समुद्रावर आहेत, तिथे नोव्हेंबर ते एप्रिल. को सामुई दुसऱ्या बाजूच्या आखातात, तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे. दिवाळीच्या पॅकेजमध्ये कुणी ‘फुकेतऐवजी सामुई, स्वस्तात’ असं सांगितलं तर ते स्वस्त का आहे ते आता तुम्हाला कळेल.

मॉरिशसमध्ये जुलै-ऑगस्टला आग्नेयेचा वारा जोरात असतो. पूर्वेचं बेल मार तेव्हा वाऱ्याने हैराण, पश्चिमेचं फ्लिक आं फ्लाक बऱ्यापैकी निवांत. पाणी गारच, पण त्याच महिन्यांत पश्चिम किनाऱ्यापुढे कुबड्या देवमासे दिसतात.

पायरी 4: दिवाळी की नाताळ?

दिवाळी ही सगळ्यात अवघड वेळ, आणि बहुतेकांना नेमकी तीच हवी असते. माझं स्पष्ट मत: पैसे जमत असतील तर दिवाळीला मॉरिशस. ऑक्टोबर-नोव्हेंबर तिथले सर्वांत कोरडे महिने, ऊब परत आलेली असते आणि चक्रीवादळांचे दिवस जानेवारी ते मार्च, म्हणजे अजून लांब. शिवाय दिवाळीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. गणेश चतुर्थीचीसुद्धा असते. एकोणिसाव्या शतकात तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही समुद्रावर विसर्जन करतात.

बजेट देशातलंच असेल तर दिवाळीला अंदमान चालेल, पण हातात एक दिवस जास्तीचा ठेवून. लक्षद्वीप डिसेंबरनंतरच घ्या. तिथे परवाना लागतो, त्याला वेळ जातो, आणि बंगारम बेट सोडलं तर दारूबंदी आहे, हे मित्रमंडळींना आधीच सांगून टाका.

नाताळात अंदमान, दक्षिण श्रीलंका, फुकेत, मालदीव सगळं उत्तम आणि सगळं महाग. मालदीवच्या कित्येक रिसॉर्टमध्ये 24 आणि 31 डिसेंबरच्या ‘गाला डिनर’चे पैसे सक्तीने लावतात, बुकिंगच्या एकूण रकमेत ते आहेत का, विचारून घ्या. तारखा थोड्या सरकवता येत असतील तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा बघा. तेव्हा गर्दी अजून यायची असते आणि भाव अजून चढायचे असतात.

पायरी 5: शेवटची बोट

बेटावर पोचणं सोपं, वेळेत सुटणं अवघड. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवेमुळे अंदमानातल्या हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली. तेव्हापासून बेटांची नावं बदलली (हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप, पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम), समुद्र तोच आहे. म्हणून बाहेरची बेटं आधी उरकून घ्या आणि शेवटचा मुक्काम विमानतळाच्या गावात ठेवा. सेल्युलर जेलही शेवटच्या दिवशी बघा, पहिल्या नाही. सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहताना घड्याळाकडे बघावं लागू नये.

मालदीवला सीप्लेनने जाणार असाल तर ते फक्त उजेडात उडतं. दुपार कलल्यावर माले गाठणारं विमान घेतलंत तर रात्र मालेत किंवा हुलहुमालेत काढावी लागेल, वेगळ्या खर्चाने.

पायरी 6: तिथी आणि उजेड

कॅलेंडर आणा, म्हणजे भिंतीवरचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं मागे सरतं की प्रवाळ उघडं पडतं आणि पोहणं राहून जातं. त्याच बेटावर लक्ष्मणपूरजवळची दगडी कमान (तिथले बंगाली लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात) मात्र ओहोटीलाच गाठता येते. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला सहा. अंदमानात हा आडाखा लावू नका. तिथला भरती-ओहोटीचा तक्ता इंटरनेटवर मिळतो.

रात्री पाण्यात चमकणारे सूक्ष्म जीव बघायचे असतील तर अमावास्येच्या आसपासच्या रात्री हव्यात. दिवाळीत त्या आयत्याच मिळतात. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सुट्टी असते आणि दारूविक्री बंद.

आणि उजेड. अंदमान आपल्या खूप पूर्वेला, पण घड्याळ एकच. डिसेंबरमध्ये तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा तर साडेतीनला वाळूत पाय हवेत. जेवून डुलकी काढून निघालात तर अंधारच दिसेल.

पायरी 7: पैसे भरण्याआधी

हॉटेलला ‘हवामान कसं असतं?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. विचारा: तुमचा किनारा कुठल्या दिशेला आहे? आमच्या तारखांना पोहायला परवानगी असते का? बोट रद्द झाली तर खोलीचे पैसे परत देता का? तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. मग पाहुण्यांचे अभिप्राय उघडा आणि फक्त त्याच महिन्यातले वाचा. ‘लाल झेंडा’, ‘जेलीफिश’, ‘बोट रद्द’ असे शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर पायरी 3 वर परत या आणि बेटाची दुसरी बाजू शोधा. निघायच्या आठवड्यात विंडीसारख्या ॲपवर लाटांची उंची बघा. मीटरच्या वर जात असेल तर ज्यांना बोट लागते त्यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत नको, ती बोटीत दुसरीकडेच रचलेली असते.