पॉलिश केलेल्या स्टीलवरचा हलका गंज: टूलरूममध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, नव्यानं लागलेल्या मुलाला आरशासारख्या इन्सर्टवर (साच्यात बसवायच्या स्टीलच्या तुकड्यावर) तांबूस डाग दिसला, की त्याचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. मी बरीच वर्षं मोल्डच्या कॅव्हिटी (प्लॅस्टिकला आकार देणाऱ्या साच्यातल्या पोकळ्या) पॉलिश केल्या, पुढे गेज रूमचं, म्हणजे मापाची साधनं ठेवायच्या खोलीचं, काम पाहिलं, मग नव्या मुलामुलींना शिकवणंही माझ्याकडे आलं. ही सवय जवळपास प्रत्येकात दिसते. डाग जातो, लगेच जातो. पण जॉब उजेडात तिरका धरला की त्या जागी धुरकट चट्टा दिसतो, आणि तो घालवायला अख्खी बाजू पुन्हा पॉलिश करावी लागते. हलका गंज काढताना आपण खरं तर पृष्ठभाग खर्च करत असतो. तो किती खर्च करायची मुभा आहे, हे जॉब कशासाठी बनलाय त्यावर ठरतं.

स्लिप गेज घ्या, म्हणजे माप तपासायला वापरतात तो अचूक लांबीचा स्टीलचा ठोकळा. २५ मिलिमीटरच्या शून्य ग्रेडच्या गेजला नाममात्र लांबीपासून जेमतेम ०.१४ मायक्रॉन फरक चालतो. त्यावर कुठलीही पेस्ट घासली की गेज संपलं. तिथे गेज-स्टोनवर (गेजसाठीच्या सपाट दगडावर) अगदी अलगद फिरवून वर आलेला कण बसवणं एवढंच करता येतं, तेही शिकलेल्या हातानं, आणि त्यानंतर कॅलिब्रेशन. मोल्डच्या कॅव्हिटीत मापाला थोडी जागा असते, पण दिसण्याला नसते. ए-१ फिनिश, म्हणजे मोल्डची सर्वात चकचकीत श्रेणी, यात शेवटचा हात ३ नंबरच्या डायमंड पेस्टचा. तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डाही प्लॅस्टिकवर जसाच्या तसा उमटतो. ऑइल सीलखालच्या शाफ्टवर चमक थोडी कमी झाली तरी चालते, मात्र अक्षाच्या दिशेनं ओरखडे ओढले की तेल गळायला लागतं. आणि मशीनच्या हँडलवर गंज असेल तर बिनधास्त घासा, कुणी काही म्हणणार नाही. हे चार जॉब शेजारी ठेवून एकाच चिंधीनं पुसणारा माणूस मला टूलरूममध्ये नको असतो.

काढायच्या आधी बघायचं. जॉबवरचं तेल सॉल्व्हंटनं उतरवा, दहापट मोठं दाखवणारी लूप घ्या आणि दिवा बाजूनं, तिरका लावा. वरून पडणाऱ्या उजेडात आरसा फसवतो. तीन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला हव्यात. पहिली नुसती झाक: निळसर-तपकिरी, नखाला न लागणारी, बऱ्याचदा बोटाच्या रेषांच्या आकाराची. दुसरी वर आलेला गंज: तांबूस, भुसभुशीत, कापसाला रंग लागतो. तिसरी पिटिंग, म्हणजे धातू खाऊन पडलेले खड्डे. पहिल्या दोन निघतात. खड्डा मात्र निघत नाही, त्याच्या भोवतालचं सगळं स्टील त्याच्या तळापर्यंत खाली आणावं लागतं. खड्डा दहा मायक्रॉन खोल असेल तर सगळी बाजू दहा मायक्रॉन उतरणार, दुसरा मार्ग नाही.

खड्डा शोधायचा कुठे, यातही नवी मुलं चुकतात. पाण्याचा थेंब स्टीलवर बसला की त्याच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, मध्यभागी कमी पोहोचतो. त्या फरकामुळे मधला भाग ॲनोड होतो आणि तिथलं लोखंड विरघळतं. गंज मात्र त्याच्या भोवती कड्यासारखा जमतो. इव्हान्सचा थेंब म्हणून हा प्रयोग गंजशास्त्रात प्रसिद्ध आहे. म्हणजे तांबडी कडी दिसते तिथे नुकसान कमी आणि कडीच्या आत, जिथे स्वच्छ वाटतं, तिथे जास्त. लूप आत फिरवा.

आता काढणं. सगळ्यात सौम्य उपायानं सुरुवात करायची आणि काम झालं की तिथेच थांबायचं. हलकं मशीन ऑइल किंवा केरोसीन डागावर टाकून काही तास तसंच राहू द्या. ते गंजाच्या सच्छिद्र थरात शिरतं आणि थर सैल होतो. मग स्वच्छ कापसाचा बोळा तेलात भिजवून एकाच दिशेनं पुसायचं, उचलायचं, बोळ्याची नवी बाजू घ्यायची. गोल गोल फिरवायचं नाही. सुटलेला प्रत्येक कण बोळ्यात अडकतो आणि पुढच्या फेरीत स्टीलवर ओरखडा काढतो. गंमत अशी की सोनार पॉलिशला वापरतात तो लाल रूज हासुद्धा लोह ऑक्साइडच, पण तो बारीक आणि एकसारखा दळलेला असतो. तुमच्या डागातला माल तसा नाही.

एवढ्यानं झाक राहिलीच तर १ ते ३ मायक्रॉनची डायमंड पेस्ट, मऊ लाकडाची काडी किंवा फेल्ट, आणि भरपूर पातळ तेल. दाब अगदी कमी. डागापुरतंच दाबून घासत राहिलात तर तिथे उथळ खोलगा तयार होतो आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या जागी वाकतं. म्हणून डागाच्या बाहेर कडेकडेनं हात हलका करत न्यायचा. आणि जास्त वेळ, जास्त दाबानं घासलं तर पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. तो आला की आणखी पॉलिश करून सुधारत नाही, उलट बिघडतो. तेव्हा पॉलिशच्या दगडापर्यंत (स्टोनपर्यंत) मागे जाऊन पुन्हा एकेक पायरी चढावी लागते.

०००० नंबरच्या स्टील वूलची शिफारस सगळीकडे ऐकाल. ग्राइंड केलेल्या बाजूवर तेलासोबत ते छान काम करतं. मिरर फिनिशवर नाही. स्टेनलेसवर तर कधीच नाही, कारण वूलचे तुकडे त्यात रुततात, मग तेच गंजतात आणि स्टेनलेसच गंजलं असं वाटतं.

आम्लांबद्दल माझं मत कडक आहे: पॉलिश केलेल्या, कडक केलेल्या स्टीलला आम्ल दाखवूच नका. गंजासोबत ते उघडं स्टीलही खातं आणि आरसा दुधाळ होतो. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं करड्या-काळ्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. रंगाखाली ते ठीक, इथे तो नवीन डागच. वर आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन कडक स्टीलमध्ये शिरून ते ठिसूळ करू शकतो, पंच आणि स्प्रिंग मग अचानक तुटतात. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली तर त्या खोलीतही नको. झाकण लावलेलं असलं तरी तिची वाफ शेल्फवरच्या सगळ्या स्टीलला गंज आणते. उदासीन पीएचची, लोहाला धरून ठेवणारी गंज काढायची द्रावणं मिळतात, ती त्यामानानं सभ्य. पण जॉब पूर्ण बुडला पाहिजे, नाहीतर द्रावणाच्या पातळीवर रेघ उमटते. जास्त कार्बनच्या स्टीलवर काळसर थरही राहू शकतो. आधी त्याच ग्रेडच्या टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

डाग निघाला, तेल लावलं, आणि आठवड्याभरात त्याच जागी तोच डाग परत. ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे, आणि तिचं उत्तर बहुतेकांना पटत नाही. घामातलं मीठ केरोसीनमध्ये विरघळत नाही, मिनरल टर्पेंटाइनमध्ये नाही आणि गंजरोधक तेलात तर नाहीच. सॉल्व्हंटनं तुम्ही बोटाचा तेलकटपणा काढता, क्लोराइड तिथेच राहतं आणि त्यावर तुम्ही तेलाचं पांघरूण घालता. क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं आणि तेलाच्या पातळ थराखाली काम सुरू ठेवतं. मीठ काढायला पाणीच लागतं. गंज टाळायला पाणी वापरायचं म्हटलं की नवी मुलं माझ्याकडे संशयानं बघतात. शक्यतो डिमिनरलाइज्ड पाणी घ्या, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा, कापसानं पुसा, लगेच नुसत्या अल्कोहोलनं पाणी ओढून काढा, गरम कोरड्या हवेनं सुकवा आणि जॉब कोमट असतानाच तेल लावा. मध्ये चहाला जायचं नाही. ओल्या, तेल नसलेल्या स्टीलवर काही मिनिटांत पिवळट झाक येते. बोटांचे ठसे निष्प्रभ करणारी खास गंजरोधक तेलंही असतात, हाताळणी जास्त असेल तिथे ती ठेवावीत. कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर आधी ती स्वच्छ कागदावर मारून बघा. लाइनमध्ये पाणी साचलेलं असेल तर तुम्ही सुकवत नसून फवारत असता.

सगळ्यांचे हात सारखे नसतात. काहींच्या घामात क्लोराइड जास्त असतं, आणि त्यांनी धरलेल्या जॉबवर दुसऱ्या दिवशी पंजा छापून येतो. आमच्याकडे एक अतिशय निष्णात फिटर होते. त्यांनी हात लावलेला जॉब ओळखायला सही लागत नसे. ते स्वतःच त्यावर हसायचे आणि मोजे घालायचे. यात लाजण्यासारखं काही नाही. नायट्राइलचे मोजे चांगले. सुती मोजे घाम शोषतात, पण भिजले की तोच घाम स्टीलवर उतरवतात, म्हणून बदलत राहावे लागतात.

हवेचं बघू. स्वच्छ स्टील कोरड्या हवेत फारसं गंजत नाही. गंजाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवलं, की सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या आसपास गेली आणि हवेत सल्फर डायऑक्साइडसारखं प्रदूषण असलं, तर गंजण्याचा वेग एकदम वाढतो. म्हणून गेज रूममध्ये आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. पण आर्द्रतामापकाचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका, कारण जॉबचं तापमान त्यात दिसत नाही. २० अंशांच्या खोलीतून इन्सर्ट काढून ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या शॉपमध्ये आणलं, तर तिथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली पाणी जमतं ते तापमान, २६ अंशांच्या आसपास असतो. इन्सर्टला घाम फुटणारच. उपाय साधा: जॉब पिशवीत बंद करून बाहेर आणा आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा. जड मोल्डला यात कित्येक तास जातात. मोल्डिंग मशीन थांबवतानाही हाच हिशोब असतो. थंड पाण्याची लाइन आधी बंद करायची, मोल्ड खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग गंजरोधक स्प्रे मारायचा. पाणी चालू ठेवून शिफ्ट संपवली की सकाळी कॅव्हिटीत थेंबांचे ठिपके मिळतात. पीव्हीसी चालवत असाल तर घाई आणखी जास्त, कारण ते जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. दोन पॉलिश केलेल्या बाजू एकमेकींना चिकटवून ठेवू नका. फटीत ओलावा धरून राहतो. स्लिप गेज जोडून रात्रभर सोडायचे नाहीत, तेही याच कारणानं. पुठ्ठा, फोम, चामडं आणि ओकसारखं लाकूड यांच्याशी थेट संपर्क नको. पहिली तीन ओलावा धरतात, ओकमधून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते. व्हीसीआय कागद (गंजरोधक रसायन लावलेला) वापरायचा तर गुंडाळी बंद हवी आणि कागद जॉबच्या जवळ हवा. त्यातलं रसायन वाफेनं स्टीलपर्यंत जातं, उघड्या ट्रेमध्ये अंथरलेला कागद काही करत नाही. जॉबमध्ये पितळेचे बुश असतील तर कागदाचा तो प्रकार तांब्याच्या मिश्रधातूंना चालतो का ते बघून घ्या. सिलिका जेल रंग बदलल्यावर सुकवायची असते, हे माहीत सगळ्यांना असतं, करत कुणी नाही.

तेल निवडताना किती काळासाठी ते ठरवा. डब्ल्यूडी-४० मधलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं. त्या कामाला ते उत्तम, पण मागे राहणारा थर पातळ असतो, महिनोन्‌महिने ठेवायच्या जॉबवर त्याच्या भरवशावर राहू नये. तिथे जाड गंजरोधक तेल किंवा मेणाचा थर हवा. आरशासारख्या उभ्या बाजूवरून पातळ तेल निथळून खाली जमतं, म्हणून ठेवलेले जॉब मधूनमधून उघडून बघावेच लागतात. हाताळायच्या, तेल न चालणाऱ्या वस्तूंवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतात; संग्रहालयांतही पोलादी वस्तू तशाच जपतात.

स्टेनलेसला गंज चढत नाही, हा समज सोडा. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की स्टेनलेस म्हणतात खरं, पण डी-२ या टूल स्टीलमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असूनही ते गंजतं, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं. जॉब हातात घेताना ग्रेड विचारून घ्या.

नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात आपल्या खणात लूप, नायट्राइल मोजे, अल्कोहोलची बाटली, कापूस आणि ताज्या तेलाची डबी एवढं ठेवा. तेलाचा तो काळा पडलेला सामायिक ब्रश वापरू नका, त्यात सगळ्या शॉपची ग्राइंडिंगची धूळ असते. आणि लूपखाली खड्डा दिसला तर घासायच्या आधी सुपरवायझरना दाखवा. किती मायक्रॉन उतरवायचे हा निर्णय ड्रॉइंग आणि त्यांची सही यांचा आहे. आधी घासून मग दाखवलं, तर मूळ खड्डा किती खोल होता हे कुणालाच सांगता येत नाही.