पोराला बसायला पहिलं गाढव घेताय? या चुका टाळा

घोडा परवडत नाही, तट्टू बुजरं निघालं, आणि पोरगी तर रोज म्हणते, मला बसायचंय. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, गाढव घ्या की. आधी घरात हशा पिकतो. आपल्याकडे गाढवावर बसणं म्हणजे धिंड. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात, तोही मान थट्टेचाच. पण चार-पाच वर्षांच्या पोराला ही थट्टा ठाऊक नसते. त्याला दिसतात लांब कान, मऊ नाक आणि हाताला लागेल एवढी उंची. आमच्या शेतावर सहा वर्षं गाढवं आहेत. पहिलं घेताना मी बहुतेक सगळ्या चुका केल्या, त्यामुळे आता विचारायला येणाऱ्यांना सांगण्यासारखं बरंच साठलंय.

पोराच्या वयाचं गाढव घेणं

ही माझी पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक. लेक चार वर्षांची, म्हणून शिंगरू आणलं. पांढरंशुभ्र, काठेवाडी, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखं. दोघं एकत्र वाढतील, अशी माझी कल्पना. वाढली खरी, पण शिंगराला दीड वर्ष होईतो ते लेकीच्या बाह्या दातात धरून ओढायला लागलं. लहानपणी आम्हीच त्याला अंगावर उड्या मारू दिल्या होत्या. पंधरा किलोंचं असताना गोड वाटलेली सवय ऐंशी किलोंची झाल्यावर गोड राहत नाही.

शिवाय शिंगरावर बसताच येत नाही. गाढवाची हाडं भरायला चार-पाच वर्षं लागतात, त्याआधी पाठीवर ओझं घातलं की पाठ आणि गुडघे कायमचे बिघडतात. म्हणजे तुमचं शिंगरू बसण्याजोगं होईपर्यंत पोराचं बसण्याचं वय निघून जातं. मूल नवखं असेल तर गाढव जुनं हवं. आठ ते पंधरा वर्षांचं, ज्याने रस्ते, ट्रॅक्टर, कुत्री, लग्नाच्या वराती सगळं पाहून झालंय असं.

वय दातांवरून कळतं. जेजुरीला पौष पौर्णिमेला बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो, तिथे दुवान, चौवान, अखंड हे शब्द सारखे कानावर पडतात. खालच्या जबड्यात पुढचे दोन पक्के दात आले तर दुवान, चार आले तर चौवान, सगळे आले की अखंड, म्हणजे पाचच्या आसपास किंवा पुढचं. ओझ्याला नेणारे चौवानावर खूश असतात. तुम्ही अखंडच बघा. त्यापुढचं नेमकं वय मात्र विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नका. दातांची झीज ओळखणारा कुणीतरी सोबत न्या.

नर की मादी, हा प्रश्न न विचारणं

अंडील, म्हणजे खच्ची न केलेला, नर लहान मुलांसाठी नको. कितीही गरीब वाटला तरी नको. तो महिनोन्महिने शांत असतो आणि शेजारच्या मळ्यात गाढवी माजावर आली की त्याच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही. गाढव चावतं तेव्हा पकडून ठेवतं, झटकन सोडत नाही.

इंग्लंड-आयर्लंडकडे मुलांना खच्ची केलेला नर देतात, आणि तो खरंच सगळ्यात एकसारख्या स्वभावाचा असतो. आपल्या बाजारात असे नर क्वचित मिळतात. अंडील घेऊन खच्ची करता येतो, पण ते काम दीड वर्षाच्या आत झालेलं बरं. मोठेपणी केलं तर स्वभाव निवळायला पुढे काही महिने जातात, आणि पक्क्या झालेल्या खोडी मुळीच जात नाहीत. म्हणून आपल्याकडे सरळ उपाय म्हणजे वयस्क गाढवी. दर तीनेक आठवड्यांनी ती माजावर येते. तेव्हा मान पुढे काढून तोंड उघडझाप करते, दातांचा टकटक आवाज येतो, लाळ गळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला वाटलं घशात काही अडकलं. माज उतरेपर्यंत पोराला बसवू नये, एवढंच. आणि गाभण नाही ना, हे घेण्याआधी डॉक्टरकडून तपासून घ्यावं. गाढवी जवळजवळ वर्षभर गाभण असते. आधीचे कित्येक महिने बाहेरून काहीच कळत नाही.

बाजारात शांत दिसलं म्हणून घेणं

रात्रभर टेम्पोत उभं राहून आलेलं, दिवसभर उन्हात बांधलेलं, पोटात काही नसलेलं गाढव शांतच असणार. त्याला स्वभाव म्हणायचं नसतं. आमची सध्याची गाढवी मी बाजारातून आणली नाही. एका म्हाताऱ्या कुंभाराच्या दारातून आणली, तीनदा जाऊन बघून. तिसऱ्या खेपेला म्हातारबा म्हणाले, "पावनं, लेकराला बसवायचंय न्हवं? मग नर बघू नगा. ही न्या. माझी चार नातवंडं हिच्या पाठीवर चालायला शिकल्यात." आणि त्यातल्या एकाला, चड्डी सावरत उभ्या असलेल्या पोराला, हाक मारून तिला माझ्यासमोर विहिरीपर्यंत नेऊन आणायला लावलं. माझ्या मते याहून चांगली परीक्षा नाही: ज्या वयाच्या पोरासाठी घेताय त्या वयाचं पोर तिला दोरी धरून नेऊ शकतं का?

बाकी बघायचं ते असं. चारही पाय उचलू देते का, आणि उचलल्यावर अंग तुमच्यावर टाकते का. कानाला हात लावू देते का. मागून चालत गेलात तर कान मागे पाडून बूड वळवते का. सोबतच्या जनावरापासून शंभर पावलं दूर येते का, की तिथेच पाय रोवून ओरडत राहते. प्लास्टिकची पिशवी फडफडली तर काय करते. पुढच्या पायांवर पायबंदाचे जुने वळ असतात, त्यांना घाबरू नका, ते कामाच्या बहुतेक गाढवांना असतात. पण पाठीवरच्या मणक्यावर पांढरे केस उगवलेले असतील तर तिथे जुनी जखम होती, हे ओळखा आणि बोटांनी दाबून बघा. पाठ खाली दबली तर ते गाढव कितीही गुणी असलं तरी पोराला बसवायला नाही.

वजनाचा हिशेब न करणं

गाढव म्हणजे ओझ्याचं जनावर, त्याला पोराचं काय वजन, असं सगळे म्हणतात. कायद्यानेही ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत गाढवाच्या ओझ्याला 50 किलोंची मर्यादा घातली आहे. पण जिवंत ओझं हलतं, डुलतं, एका बाजूला कलतं. बसवण्यासाठी मी गाढवाच्या वजनाचा पाचवा हिस्सा धरतो, खोगिरासकट. आपलं गावठी करडं गाढव साधारण शंभर किलोंचं. म्हणजे वीस किलो. खोगीर तीन-चार किलोंचं वजा केलं की उरलं सोळा-सतरा, म्हणजे पाच वर्षांचं पोर. सौराष्ट्रातलं पांढरं हालारी त्याहून थोराड असतं, तिथे आणखी दोन-तीन वर्षं मिळतात. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर मुलांना फिरवणाऱ्या गाढवांना साधारण पन्नास किलोंपर्यंतचं मूल चालतं, पण ती गाढवं आपल्या गावठीच्या जवळपास दुप्पट असतात. (त्यांना शुक्रवारची सुट्टीही असते. हे वाचून आमच्या गड्याने दोन दिवस मला टोमणे मारले.)

दुपारचं ऊनही हिशेबात धरा. त्याच नियमांप्रमाणे पारा 37 अंशांच्या वर असेल तर बारा ते तीन कामच घ्यायचं नाही.

घोड्याचं खोगीर घालणं

गाढवाच्या मानेमागे घोड्यासारखा उंचवटा नसतो. पाठ सपाट, खांदे अरुंद आणि पोट गोल. त्यामुळे तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, कितीही आवळा, उताराला खोगीर पुढे सरकतं आणि गाढवाने गवत खायला मान खाली घातली की पोर मानेवरून घसरगुंडी करतं. आमच्याकडे हे अगदी असंच झालं. सुदैवाने खाली शेणखताचा ढीग होता.

उपाय साधा आहे: दुमची. शेपटीखालून जाणारा मऊ पट्टा, जो खोगिराला मागून धरून ठेवतो. तो आतून कापडाने गुंडाळलेला हवा, नाहीतर शेपटीखाली सोलून निघतं आणि दुसऱ्या दिवसापासून गाढव खोगीर बघताच पळतं. तंग पुढच्या पायांच्या अगदी मागे न आवळता चार बोटं सोडून. सुरुवातीला तर खोगीर नकोच. जाड घोंगडी आणि धरायला मूठ असलेला पट्टा पुरतो, पोराचा तोलही लवकर सुधारतो.

पोराला पाठीला बांधून टाकणं ही तर भलतीच चूक. गाढव पडलं किंवा लोळलं तर पोराला सुटताच येत नाही. आणि लोळतं हो! उन्हातली मऊ माती दिसली की ते थांबतं, नाक जमिनीला लावतं, पुढच्या पायाने एकदोनदा उकरतं, मग गुडघे वाकतात. नाक खाली गेलं तेव्हाच दोरी वर घेऊन चालतं करायचं. गुडघे वाकेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. म्हणून बसवण्याआधी दहा मिनिटं त्याला मोकळं लोळू द्या. डोक्याला हेल्मेट हवंच. रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, असेल तर टाचेचे बूट घाला, चप्पल चालत नाही. दोरी धरणारा मोठा माणूस असावा आणि दोरी हाताला गुंडाळलेली नसावी.

अडलं की मारणं

घोडा घाबरला की पळतो, गाढव घाबरलं की थांबतं. मुलासाठी गाढव निवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि नेमक्या याच गुणाला आपण हट्ट म्हणतो. रस्त्यावर पाण्याचं डबकं, झाडाची काळी सावली, नवा गतिरोधक, काहीही पुरतं. मागून काठी मारली तर त्याला कळतं की डबक्याजवळ दुखतं, आणि पुढच्या वेळी ते दहा पावलं आधीच थांबतं. पोराला उतरवा. गाढवाला वास घेऊ द्या, बघू द्या. दुसरं गाढव पुढून गेलं तर हे मागोमाग येतं.

रोज चालणारं गाढव अचानक अडायला लागलं तर मात्र आधी शरीर तपासा: खुरात खडा, दुमचीखाली जखम, पाठदुखी. गाढव लंगडेपर्यंत बोंबलत नाही, फार झाल्यावर दाखवतं.

एकटं ठेवणं, आणि लाड करून खाऊ घालणं

एकटं गाढव झुरतं. शेळी, म्हैस, कुत्रा यांची सोबत काही नसल्यापेक्षा बरी, पण त्याला दुसरं गाढवच लागतं. बजेट एकाचं असेल तर थांबा, दोघांचं होऊ द्या. जोडी असेल तर जोडीच आणा. आम्ही आधी एकटं शिंगरू आणलं तेव्हा पहाटे चारपासून त्याचं ओरडणं सुरू व्हायचं आणि शेजारचे मळेवाले सहापर्यंत आमच्या फाटकावर.

गाढवाला गुळाची चव काय, असं ज्याने म्हटलं त्याने गाढव पाळलेलं नसावं. गुळाचा खडा त्याला बरोब्बर कळतो, खिशातलाही कळतो, आणि तो रोज हातावर दिला की आठ दिवसांत बोटं चाचपायला लागतं. चावण्याच्या निम्म्या खोडी इथून सुरू होतात. द्यायचंच तर घमेल्यात द्या. रोजचं खाणं म्हणजे वाळलेलं गवत, गव्हाचं काड, थोडा कडबा. बाजरी, भरडा, शिळ्या पोळ्या, लग्नातलं उरलेलं नको. माळरानावर थोडक्यात भागवण्यासाठी घडलेलं जनावर आहे ते. जास्तीचं मानेवर चरबीची घडी होऊन साचतं, आणि मग खुरांच्या आत सूज येऊन ते उभंही राहू शकत नाही. शेतघराला कण्हेरीचं कुंपण असेल तर गाढव यायच्या आधी काढा. ती पानं थोडी पोटात गेली तरी जीव जातो.

आणि एक लक्षात ठेवा: दिवसभर काही खाल्लं नाही तर 'उद्या बघू' म्हणू नका. उपाशी गाढवाच्या, विशेषतः लठ्ठ गाढवीच्या, रक्तात चरबी उतरते आणि यकृत बसतं. त्याच दिवशी डॉक्टर. घरी ताप बघता येतो, साडेछत्तीस ते पावणेअडतीस अंश सेल्सिअस हे बरोबर.

कागद आणि सुई विसरणं

घरी आणायच्या आधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या. हा रोग गाढवा-घोड्यांकडून माणसाला होतो, म्हणून पोरांच्या घरात ही तपासणी टाळू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. धनुर्वाताची लस, जंताचं औषध आणि दर सहा ते दहा आठवड्यांनी खूर कापणं, ही कामं ठरलेली. खूर कापणारा जवळपास कोण आहे, हे गाढव घेण्याआधी शोधा. कोकणात ठेवणार असाल तर पक्कं छप्पर आणि कोरडी, उंच जमीन हवीच. गाढवाच्या केसांना घोड्यासारखं पाणी अडवता येत नाही, आणि चार महिने चिखलात उभं राहिलं की खूर सडतात.

पोर मोठं झाल्यावर काय, हे न ठरवणं

नीट सांभाळलेलं गाढव तीस वर्षं जगतं. माझ्या लेकीला ही गाढवी मिळाली तेव्हा ती सहाची आणि गाढवी दहाची. दोन वर्षांत लेकीचं वजन हिशेबाबाहेर गेलं. गाढवीची अजून पंधरा वर्षं उरलीत. विकायची म्हटली तर घ्यायला येणारा बहुतेक वीटभट्टीचाच असतो. आम्ही तिला हलक्या गाडीची सवय लावली. आता ती सकाळी गोठ्यातलं शेणखत उकिरड्यापर्यंत नेते, आणि लेक दोरी धरून पुढे चालते. धाकटा अजून चौदा किलोंचा आहे. त्याच्याकडे तीनेक वर्षं आहेत.