मुलांशी लपाछपी कशी खेळावी, आणि गप्प कुठे बसावं

पडद्याखालून दोन पावलं दिसतायत, एका पावलात मोजा आहे, दुसरं अनवाणी. माझी साडेतीन वर्षांची भाची वर तोंड झाकून उभी, आणि तीच विचारतेय, "मी कुठाय?" अशा वेळी "पाय दिसतायत की तुझे!" हे अगदी ओठांवर येतं. ते गिळा. सोफ्याखाली बघा, फ्रिजमागे बघा, "गेली कुठे ही?" म्हणा.

सुरुवात खरं तर बुवा-कुकपासून होते. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की ओढणी तोंडावर घ्या, क्षणभर थांबा, मग "कुऽक". मजा त्या थांबण्यात आहे. याच सुमारास बाळ झाकलेलं खेळणं शोधायला लागतं. दिसेनासं झालं तरी ते असतंच, हे त्याला कळू लागलेलं असतं. बाळाने तोंड फिरवलं की खेळ बंद.

दोन वर्षांच्या आसपास आधी वस्तू लपवा. स्वतः लपलात तर अर्धे दिसा किंवा आवाज द्या, नाहीतर रडारड ठरलेली. मूल दहा वेळा त्याच दाराआड लपेल, लपू द्या.

आता पडद्याची गोष्ट. चूक सांगून ती सुधारत नाही, राज्य बदलून सुधारते. मी भाचीवर राज्य दिलं आणि मुद्दाम त्याच पडद्यामागे पाय बाहेर ठेवून उभी राहिले. तिने धावत येऊन माझा अंगठाच पकडला. पुढच्या डावात ती पडद्यामागे स्टूल घेऊन गेली! समोरच्याला काय दिसतं याचा विचार या वयात हळूहळू उगवतो. 1983 साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली: एका मुलाने चॉकलेट कपाटात ठेवलं, तो बाहेर गेल्यावर आईने ते दुसऱ्या कपाटात हलवलं. परत आल्यावर तो कुठे शोधेल? लहानग्यांनी नवं कपाट दाखवलं, कारण त्यांना स्वतःला ते ठाऊक होतं. सहाच्या पुढच्या बहुतेकांनी जुनं कपाट सांगितलं. लपाछपीत रोज हाच पेपर असतो, फक्त मार्क नसतात.

पाच-सहा वर्षांपुढे पार्किंगमध्ये टोळी जमू द्या. तुमचं काम खेळाआधीच संपतं: हद्द ठरवा. पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्चीचा कठडा, उभ्या गाड्यांच्या आत आणि खाली, जुना फ्रिज, कुलूप लागेल अशी पेटी, हे सगळं वर्ज्य. हे एकदाच, कडक आवाजात सांगा.

मग चकणं, राज्य, आकडे, सगळं त्यांचं ते करतील. "पन्नासपर्यंत मोज" म्हटल्यावर "दहा, वीस, तीस" म्हणणारा एक असतोच. त्याचा न्याय बाकीचे करतील. राज्य घेणाऱ्याची खरी कसरत धप्प्यात असते. भिंत सोडली तर मागून पाठीत धप्पा बसतो, धरून बसला तर कुणी सापडत नाही. त्यात किती सापडले, किती उरले, हे डोक्यात ठेवायचं. शर्ट अदलाबदल करून फसवलं आणि चुकीचं नाव पुकारलं, की पुन्हा राज्य. तिसऱ्यांदा राज्य आलं की डोळे भरतात. तेव्हा बाल्कनीतून "पुरे आता, दुसऱ्याला द्या" असं ओरडू नका. धाकट्याला कच्चा लिंबू करायचं हेही मोठी मुलंच ठरवतात, आणि आपल्यापेक्षा बरं ठरवतात.

जेवायला बोलावताना मात्र "शेवटचं राज्य" अशी हाक दोन डाव आधी द्या, आणि मुलं वर आली की डोकी मोजा. लहानपणी मी एकदा माळ्यावर गाद्यांमागे अर्धा तास श्वास रोखून बसले होते. खाली सगळ्यांचा वरणभात सुरू झाला होता.