कोड दुसऱ्या भाषेत नेणारं टूल कसं पारखावं

महापे-ऐरोलीकडच्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत हे नेहमीचंच: ॲप जावा या प्रोग्रामिंग भाषेत तयार असतं आणि क्लायंटला तेच आयफोनवर, ब्राउझरमध्येही हवं असतं. कोड आपोआप बदलून देणारी टूल्स पुष्कळ आहेत, आणि डेमोत सगळीच गुणी दिसतात.

१. आपल्या कोडमधले तिरपागडे भाग, म्हणजे जिथे भाषेगणिक उत्तर बदलतं ते, काढून पन्नासेक ओळींची एक फाईल करा. त्यात ऋण संख्येचा भागाकार हवाच: पूर्णांकांत −७ भागिले २ जावात −३ येतं, पायथन भाषेतल्या दुहेरी तिरक्या रेघेने (//) −४. २.५ चं राउंडिंग जावाच्या मॅथ-राउंडमध्ये ३, पायथनमध्ये २. बिलिंगवाल्यांनो, इकडे बघा. ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेचा साधा नंबर अचूक राहत नाही, म्हणून एखादा लांबलचक आयडी घाला. शिवाय देवनागरी मजकूर: ‘ठाणे’ची लांबी जावात ४, आयफोनच्या स्विफ्ट भाषेत २.

२. फाईल प्रत्येक टूलमधून काढा, मूळ आणि बदललेला कोड चालवून दोन्हीकडचं आउटपुट डिफने (दोन फाईलींतला फरक दाखवणाऱ्या टूलने) ताडा.

३. निघालेला कोड टीममधल्या एखाद्याला वाचायला द्या. त्याला कळला नाही, तर उद्या बग शोधणार कोण?

टूल ॲपच्या स्क्रीनही बदलून देईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. जावा कोड आयफोनच्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत नेणारं गूगलचं जे-टू-ऑब्जेक्टिव्ह-सी हे टूल फक्त लॉजिक नेतं, स्क्रीन आपणच नव्याने लिहायची. माझ्या मते तेच बरं.

आणि क्लायंटचा कोड कुठल्याही फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये पेस्ट करू नका. आधी करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा.